वडिलांची वर्दी आणि आजोबांचे बिल्ले ऑनलाइन विकता येतात का?

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

सप्रेम नमस्कार. माझे वडील मध्य प्रदेश पोलीस दलातून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचे निधन झाले. रामबागेतले आमचे जुने घर आम्ही बहीण-भाऊ आता रिकामे करत आहोत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांच्या खाकी वर्दीचे तीन जोड निघाले. त्यांच्याबरोबर दोन-दोन तारे आणि टोकाला लाल-निळी फीत असलेल्या खांदपट्ट्या, बिल्ल्यासह टोपी, पट्टा, शिट्टीची दोरी आणि वडिलांच्या नावाची पट्टी असे सारे साहित्य आहे. पेटीच्या तळाशी मलमलीच्या फडक्यात आजोबांच्या वस्तू गुंडाळलेल्या होत्या. आजोबा होळकर संस्थानाच्या फौजेत होते. त्यांचा एक पितळी बिल्ला, दोन गोल पदके आणि सहा टोकांचा एक तारा असा तो ऐवज आहे.

आम्हा दोघांच्याही घरांत जागा कमी आहे, म्हणून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री होते अशा एका संकेतस्थळावर मी सगळ्यांची छायाचित्रे टाकली. काही तासांतच सरकारी गणवेश आणि ओळखचिन्हे विकता येत नाहीत असा संदेश आला आणि दोन्ही जाहिराती, म्हणजे आजोबांच्या वस्तूंचीही, काढून टाकण्यात आली. इथवर ठीक होते. दुसऱ्या दिवशी मात्र एका अनोळखी गृहस्थाचा निरोप आला. जाहिरात निघण्यापूर्वीच त्यांनी ती पाहिली होती. मी सांगितलेल्या किमतीच्या दुप्पट रक्कम ते द्यायला तयार आहेत, फक्त व्यवहार संकेतस्थळाच्या बाहेर करावा आणि माल कुरिअरने पाठवावा असे त्यांचे म्हणणे आहे. लघुपटासाठी हवे आहे, असे ते सांगतात. त्यांना आजोबांच्या वस्तूंत रस नाही. वर्दी, खांदपट्ट्या, टोपी आणि पट्टा एवढेच त्यांना हवे आहे, आणि वडिलांचे जुने ओळखपत्र सापडल्यास तेही चालेल, असे त्यांनी जाता जाता विचारले.

भावाचे म्हणणे असे की शहरात फॅन्सी ड्रेसच्या दुकानांत पोलिसाचा पोशाख उघड मिळतो, मग आपणच एवढा विचार का करावा. मला मात्र त्या ओळखपत्राच्या प्रश्नापासून झोप नीट लागलेली नाही. कायदा नेमका काय सांगतो, आणि या वस्तूंचे आम्ही काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर : कोर्टाच्या वाटेवर (इंदूर)

ताई, आधी त्या गृहस्थांविषयी सांगतो. त्यांच्याशी व्यवहार करू नका, आणि त्यांचे निरोप पुसूनही टाकू नका. लघुपट करणाऱ्याला पडद्यावर दिसणारी वर्दी लागते, एखाद्या खऱ्या उपनिरीक्षकाचे ओळखपत्र लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. वर्दी विकणे हाच गुन्हा आहे असे सरसकट सांगणारे एखादे केंद्रीय कलम शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, कारण आपल्या कायद्याने बोट ठेवले आहे ते मुख्यतः वर्दी घालणाऱ्यावर आणि त्याच्या मनातल्या हेतूवर. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सैनिकाचा पोशाख घालण्यासाठी कलम १४० होते आणि लोकसेवकाचा पोशाख घालण्यासाठी कलम १७१ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा त्यांची जागा अनुक्रमे कलम १६८ आणि कलम २०५ यांनी घेतली. दोन्हींत कैद तीन महिन्यांपर्यंतच आहे, पण दंड वाढला आहे. सैनिकाच्या पोशाखासाठी तो ५०० रुपयांवरून २,००० झाला, तर लोकसेवकाच्या पोशाखासाठी २०० वरून एकदम ५,००० झाला. एकोणिसाव्या शतकातले ते दोनशे रुपये आमच्या पिढीच्या वकिलीपर्यंत तसेच चालत आले होते, ही आपल्या कायद्याच्या चिकाटीची एक गंमतच म्हणायची.

या दोन कलमांत एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. सैनिकाच्या पोशाखाबाबत, पाहणाऱ्याने आपल्याला सैनिक समजावे हा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पोलिसासारख्या लोकसेवकाच्या पोशाखाबाबत हेतू नसला तरी, लोक तसे समजण्याची शक्यता आहे ही जाणीव असणे पुरेसे आहे. पोशाख घालून पुढे अधिकार गाजवला, म्हणजे गाडी अडवली, झडती घेतली, पैसे मागितले, तर प्रकरण कलम २०४ मध्ये जाते आणि तिथे शिक्षा किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. प्रतिबंधित ठिकाणी शिरण्यासाठी किंवा राष्ट्राच्या सुरक्षेला बाधक अशा कामासाठी वर्दी वापरली, तर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचे कलम ६ लागू होते, आणि त्यातही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आपण म्हणाल, हे सगळे घालणाऱ्याचे झाले, विकणाऱ्याचे काय? विकणारा गुन्ह्यात ओढला जातो तो अपप्रेरणेच्या, म्हणजे हेतुपुरस्सर मदत केल्याच्या तरतुदीतून. न्याय संहितेत ती कलम ४५ मध्ये आहे. समोरचा मनुष्य काय करणार हे ज्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही, तो दुकानदार सहसा सुटतो. पण ज्याने ओळखपत्र मागितले, व्यवहार आडमार्गाने करायला सांगितले आणि चालू वापरातली चिन्हे तेवढी वेचून घेतली, अशा ग्राहकाला माल दिल्यावर ‘मला काय माहीत’ हे उत्तर न्यायालयात फार टिकत नाही. शिवाय आपल्याला शंका आली होती, हे आपण स्वतःच इथे लिहून ठेवले आहे.

वडिलांच्या साहित्याबाबत आणखी एक तरतूद बहुतेकांना माहीत नसते. मध्य प्रदेशात आजही १८६१ चा पोलीस कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे नियुक्तीचे प्रमाणपत्र सेवा संपताच परत करायचे असते. कलम २८ प्रमाणे सेवा संपल्यावर ते प्रमाणपत्र आणि कर्तव्यासाठी सरकारकडून मिळालेले कपडे व इतर साहित्य परत न करणे हा दंडनीय अपराध आहे, आणि त्यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे. घाबरू नका. ही जबाबदारी सेवेतून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीची आहे, तिच्या मुलीची नाही, आणि वर्दी भत्त्यातून स्वतः शिवून घेतलेले कपडे यात येतही नाहीत. तरीही पेटीतली कोणती वस्तू सरकारी आणि कोणती वडिलांनी विकत घेतलेली, हे आज आपण सांगू शकणार नाही. जी वस्तू आपली आहे की सरकारची हेच नक्की नाही, ती विकण्याच्या फंदात पडू नये.

ज्या वस्तूवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असेल तिच्यासाठी २००५ चा राजचिन्हाच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे. सरकारशी संबंध असल्याचा आभास निर्माण होईल अशा रीतीने मुद्रा वापरणे आणि परवानगीवाचून ती व्यापार-धंद्यासाठी वापरणे हे दोन्ही त्यात निषिद्ध आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी आहे.

राहता राहिले संकेतस्थळ. त्यांनी जाहिरात काढली ती पोलिसांच्या आदेशावरूनच काढली असे समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे अशा मध्यस्थ कंपन्यांना, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून सशर्त संरक्षण मिळते. ते संरक्षण जपण्यासाठी बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःच्या धोरणातच पोलीस व लष्करी ओळखचिन्हे वर्ज्य करतात. कायदा हेतू तपासतो, पण संगणकाला हेतू दिसत नाही. त्यामुळे कायद्यापेक्षा त्यांचे धोरण कडक असते आणि आपल्या आजोबांचा बिल्लाही त्या जाळ्यात सापडतो.


उत्तर : सुदामानगर (इंदूर)

वकीलसाहेबांचा आदर ठेवून एक शंका विचारतो. खाकी कापड बाजारात वारावर मिळते, रिक्षावाले खाकी घालतात, टपालवाले घालत आले, शाळेच्या संमेलनात निम्मी मुले इन्स्पेक्टर झालेली असतात. राजवाड्याच्या आसपास लाल बुटांपासून पट्ट्यापर्यंत सगळे मिळते आणि कोणी कोणाला विचारत नाही. मग एका सामान्य घरातल्या मुलीने वडिलांची जुनी वर्दी विकली तर एवढ्या कलमांचा मारा कशासाठी? ज्याला तोतयेगिरी करायची आहे तो कुठूनही वर्दी मिळवेल.


उत्तर : निवृत्त सुभेदार (महू)

सुदामानगरकर, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्या बाजूने देतो. मी महूत स्थायिक झालो आहे. इथे इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय अशा तीन मोठ्या संस्था असल्यामुळे बाजारात वर्दीचे कापड, फिती, नामपट्ट्या शिवणारे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतले एक वृद्ध कारागीर माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. मी त्यांच्याकडे वीस वर्षे कपडे शिवत असूनही दर वेळी ते ओळखपत्र पाहत आणि नंबर वहीत टिपत. मला पूर्वी त्याचा राग येई. आता वाटते की बंदोबस्ताची सगळ्यांत पुढची चौकी तीच होती.

कशासाठी, ते सांगतो. १४ मे २००२ रोजी जम्मूजवळ कालूचकला लष्करी वसाहतीवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर लष्करी वेशात होते, आणि मेलेल्यांत जवानांच्या बायका-मुलांची संख्या मोठी होती. २७ जुलै २०१५ रोजी गुरदासपूर जिल्ह्यातल्या दीनानगरच्या पोलीस ठाण्यावर चालून आलेले लोकही लष्करी वेशातच होते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, जानेवारी २०१६ मध्ये, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. त्या टोळीने आधी एका पोलीस अधीक्षकाची गाडी बळकावली होती, आणि अंगावर पुन्हा लष्करी कपडेच होते. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नगरोट्याला आलेले हल्लेखोर पोलिसांच्या वेशात होते. पहारेकऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा. समोरून आपल्याच रंगाचा मनुष्य येतो आहे, आणि गोळी चालवायची की सलाम करायचा हे ठरवायला दोन-तीन क्षण मिळतात. वर्दीने ते क्षण चोरले की उरलेले काम सोपे होते.

पठाणकोटनंतर लष्कराने जाहीर आवाहन केले की नागरिकांनी लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे कपडे वापरू नयेत, आणि दुकानदारांनी ते सर्रास विकू नयेत. सीमेलगतच्या जिल्ह्यांत, विशेषतः पंजाब आणि जम्मू-काश्मीरमध्ये, जिल्हा दंडाधिकारी अशा कपड्यांच्या विक्रीवर वेळोवेळी बंदी घालतात किंवा विक्रेत्यांना नोंदवही ठेवायला लावतात. खासगी सुरक्षा कंपन्यांसाठी २००५ च्या कायद्यात कलम २१ आहे. त्यांच्या रखवालदाराने सेना किंवा पोलिसांसारखी वर्दी घातली, तर तो आणि त्याचा मालक असे दोघेही एक वर्षापर्यंत कैदेला किंवा ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरतात. मालकालाही धरले आहे, हे मला त्या कलमातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

नव्या लढाऊ गणवेशाच्या बाबतीत सरकारने आणखी एक वाट काढली. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला तो प्रथम संचलनात दिसला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या म्हणजे निफ्टच्या मदतीने तो तयार झाला होता, आणि त्याच वर्षी त्याच्या नक्षीची आणि ठेवणीची नोंदणी कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात करण्यात आली. डिझाइन कायद्याप्रमाणे हा हक्क दहा वर्षांचा असतो आणि पुढे पाच वर्षे वाढवता येतो. याचा अर्थ असा की ती नक्षी विनापरवाना छापणारा गिरणीवाला आणि ती ऑनलाइन विकणारा व्यापारी यांना अडवण्यासाठी आता कोणाचा हेतू सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. चोरून नक्षी छापली, एवढेच पुरते. कापड उघड्या बाजारात सोडण्याऐवजी शिवलेले कपडे कॅन्टीन विभागाच्या डेपोंतून देण्याची व्यवस्थाही त्याच वेळी सुरू झाली. जुन्या नक्षीच्या वेळी हे झाले नव्हते, म्हणून ती आज पिशवीपासून बनियनपर्यंत सगळीकडे दिसते.

सेवेतल्या जवानाने सरकारी कपडे विकले, किंवा स्वतःला मिळालेले पदक विकले वा गहाण टाकले, तर १९५० च्या सेना कायद्याचे कलम ५४ त्याच्यावर लागते. सामान्य घरातल्या मुलीला ते लागू नाही. पण जी वस्तू विकल्याबद्दल आम्हाला कोर्ट मार्शल होऊ शकते, ती संकेतस्थळावर ‘दोनवर एक मोफत’ म्हणून दिसली की जीव खालवर होतो, हे मोकळेपणाने सांगतो.


उत्तर : कपडेपटवाले (इंदूर)

आमचा नाटकांना आणि शाळांना पोशाख भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. वडिलांच्या काळी गणेशोत्सवातली मराठी नाटके आणि संमेलने एवढेच गिऱ्हाईक होते, आता चित्रीकरणेही असतात. सुदामानगरकरांनी राजवाड्याभोवतीच्या दुकानांचा उल्लेख केला आहे, म्हणून धंद्यातली वस्तुस्थिती मांडतो.

सहा वर्षांच्या मुलाला इन्स्पेक्टरच्या वेशात पाहून कोणी आपली कागदपत्रे पुढे करत नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेली ‘लोक तसे समजण्याची शक्यता’ तिथे मुळातच नसते, म्हणून तो पोशाख खपतो आणि खपावाही. प्रश्न मोठ्या मापाचा येतो. आमच्याकडे मोठ्या मापाची वर्दी मागायला जो येतो त्याच्याकडून आम्ही संस्थेचे पत्र, प्रयोगाची तारीख आणि ओळखपत्राची प्रत घेतो, आणि वर्दी प्रयोगाच्या दिवशीच देतो. राज्याचे नाव असलेला बिल्ला आम्ही ठेवतच नाही. त्याजागी आम्ही स्वतः ओतून घेतलेले, कुठल्याही दलाचे नसलेले बिल्ले लावतो. पंधरा फुटांवरून प्रेक्षकाला फरक कळत नाही आणि एक फुटावरून शिपायाला लगेच कळतो. आम्हाला दोन्ही गोष्टी हव्याच असतात. ताई, लघुपटवाल्या त्या गृहस्थांना आमच्याकडे पाठवा. पत्र मागितल्यावर ते येतात की नाही, यावरून पुष्कळ काही कळेल.

ऑनलाइन विक्रीने आमचा धंदा थोडा बसवला, ते जाऊ द्या. पण त्या विक्रीत एक प्रकार असा आहे की जो कुठल्याही यादीत पकडला जात नाही. तिथे वर्दी म्हणून वर्दी विकतच नाहीत. एका ठिकाणी ‘रखवालदाराचा शर्ट’ असतो, दुसरीकडे ‘धातूचे तारे, शोभेचे’, तिसरीकडे ‘चामडी पट्टा, तपकिरी’, आणि लाल-निळी फीत तर शिवणकामाच्या साहित्यात मीटरवर मिळते. प्रत्येक विक्रेत्याने निरुपद्रवी तुकडा विकलेला असतो आणि चार पार्सले उघडल्यावर घरात उपनिरीक्षक तयार होतो. दुकानात आमच्यासमोर कोणी हे चार तुकडे एकत्र मागितले असते तर आमची भुवई उंचावली असती. म्हणून मला वाटते की खाकी कापडावर बंदी मागण्यात अर्थ नाही. आवरायची ती चिन्हे, कारण कापडाची वर्दी तीच करतात. तारे, फीत, बिल्ला आणि नामपट्टी काढली की आपल्या वडिलांचे ते तीन जोड निव्वळ खाकी कपडे उरतात, आणि कोणा गरजूला ते निर्धास्तपणे देता येतात.


उत्तर : कोर्टाच्या वाटेवर (इंदूर)

कपडेपटवाल्यांनी माझ्या लांबलचक उत्तरात राहिलेली गोष्ट सांगितली. तिला एकच पुरवणी जोडतो. सीमेवरच्या जिल्ह्यांप्रमाणे आपल्याकडेही असे आदेश निघू शकतात. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे पूर्वी कलम १४४ खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारे मनाई आदेश आयुक्त काढू शकतात. असा आदेश साधारणपणे दोन महिने टिकतो, आणि तो मोडल्यास न्याय संहितेचे कलम २२३ लागते. वर्दीचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराने वर्तमानपत्रातल्या अशा सूचना वाचत राहणे शहाणपणाचे.


उत्तर : जुनी नाणी जुने बिल्ले (लष्कर, ग्वाल्हेर)

सगळे पोलिसांच्या वर्दीत अडकले आणि पेटीच्या तळाशी असलेला खरा खजिना मागेच राहिला, म्हणून लिहितो. मी संस्थानी फौजांच्या वस्तू जमवतो. विकत घेण्यासाठी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रामबागकर ताई, आजोबांच्या वस्तूंना वरची बहुतेक कलमे लागत नाहीत, कारण ज्या फौजेची ती चिन्हे आहेत ती फौजच आता नाही. १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला आणि पुढे संस्थानी पलटणी भारतीय सेनेत सामावून घेतल्या गेल्या. आपल्या इंदूरच्या पायदळाची परंपरा कुमाऊँ रेजिमेंटच्या १५ कुमाऊँ या पलटणीकडे गेली आणि आमच्या ग्वाल्हेरच्या एका पलटणीची १४ कुमाऊँकडे, म्हणून त्या पलटणींच्या नावांपुढे कंसात ही शहरे लिहिली जात. होळकरांचा बिल्ला लावून आज कोणी नाका उघडून घेऊ शकत नाही.

वस्तूचा काळ ओळखण्याची एक सोपी खूण लक्षात ठेवा. सिंहमुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी राजचिन्ह म्हणून स्वीकारली गेली. बिल्ल्यावर किंवा बटणावर ब्रिटिश मुकुट अथवा संस्थानाचे चिन्ह असेल तर वस्तू त्याआधीच्या घडणीची, आणि सिंह असतील तर नंतरची. संकेतस्थळाकडे दाद मागताना ही गोष्ट छायाचित्रासह लिहा. अनेक ठिकाणी ऐतिहासिक वस्तूंसाठी वेगळा विभाग असतो, आणि वडिलांच्या वर्दीबरोबर एकाच वेळी टाकल्यामुळे आजोबांचा बिल्लाही बाद झाला असण्याची शक्यता मला दाट वाटते.

गोल पदकांपैकी एकाच्या मागे भारताचा नकाशा असेल तर ते ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ होय. दुसऱ्यावर दोन तोंडांच्या सापसदृश प्राण्यावर उभा असलेला सिंह असेल तर ते १९३९-४५ चे ‘वॉर मेडल’. सहा टोकांच्या ताऱ्यावर मधोमध राजाची मुद्राक्षरे आणि त्याभोवती मोहिमेचे नाव असते. तिथे ‘बर्मा’ आहे की ‘आफ्रिका’, यावर आजोबा कुठे गेले होते हे ठरेल. पदकांच्या कडेवर भिंगाने पाहा. नाव आणि क्रमांक कोरलेला असेल तर ती वस्तू धातूच्या किमतीने कधीही देऊ नका. आणि हात जोडून सांगतो, त्यांना पितांबरी लावू नका. ऐंशी वर्षांत चढलेली जुनेपणाची छटा एका दुपारी निघून जाते आणि तिच्याबरोबर अर्धी किंमतही.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागेल. परदेशातले संग्राहक चांगले पैसे देतात, पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. महायुद्धातली पदके अजून शंभरीत गेलेली नाहीत. बिल्ला आजोबांच्या आधीच्या पिढीचा निघाला तर मात्र प्रश्न येईल. विकायचेच नसेल तर राणीखेतला कुमाऊँ रेजिमेंटचे संग्रहालय आहे, त्यांना पत्र लिहून पाहावे.


प्रश्नकर्तीचे उत्तर : रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाला घेऊन पोलीस लाइनीत गेले होते. खांदपट्ट्या, टोपीवरचा बिल्ला, पट्ट्याचे बकल आणि शिट्टीची दोरी आम्ही तिथे जमा केली आणि वस्तूंच्या यादीवर पोच घेतली. वहीत नोंद करणारे हवालदार वडिलांच्या हाताखाली काम केलेले निघाले, त्यामुळे दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. नावाची पट्टी तुमच्याकडेच ठेवा, असे त्यांनीच सांगितले. ओळखपत्र पेटीत नव्हतेच. ते वडिलांनी निवृत्तीच्या दिवशीच परत केले होते, ही माहितीही त्यांच्याकडूनच मिळाली.

त्या गृहस्थांना मी कपडेपटवाल्यांकडे जाण्याविषयी कळवले. त्यानंतर त्यांचे खातेच दिसेनासे झाले आहे. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे निरोपांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत आणि त्यांची एक प्रत पोलीस लाइनीतही दिली आहे.

सुभेदार काका, भावाने आपले उत्तर दोनदा वाचले आणि त्यानंतर फॅन्सी ड्रेसच्या दुकानांचा विषय काढलेला नाही.

ग्वाल्हेरचे दादा, एका पदकावर नकाशा आहे आणि दुसऱ्यावर तो सिंह आहे. ताऱ्यावर ‘बर्मा’ अशी अक्षरे आहेत. आजोबा ब्रह्मदेशात गेले होते हे आमच्या घरात आजवर कोणालाही माहीत नव्हते. नकाशाच्या पदकाच्या कडेवर काहीतरी कोरलेले आहे, पण भिंगानेही मला नीट लागत नाही. त्याचे छायाचित्र उन्हात कोणत्या कोनातून घ्यावे, हे कृपया सांगाल का? पितांबरी लावलेली नाही.